पेट्रोल गोल्फ कार्टची बॅटरी उतरली? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जॉर्जियातल्या पीचट्री सिटीत कार्टसाठी जवळपास १०० मैलांच्या वेगळ्या वाटा आहेत. फ्लोरिडातल्या द व्हिलेजेसमध्ये किराणा, बँक, डॉक्टर सगळं कार्टनेच होतं. अशा गावांत राहणाऱ्या मराठी घरांत कार्ट ही दुसरी गाडीच असते, आणि ती सकाळी चालू झाली नाही की दिवसाचं गणित बिघडतं. विजेवर चालणाऱ्या कार्टची माहिती भरपूर मिळते. पेट्रोलवाली मंडळी तीच वाचतात आणि भलता चार्जर किंवा भलती बॅटरी घेऊन येतात. म्हणून हे पान फक्त पेट्रोल कार्टसाठी आहे.

आमचा आग्रह एकच आहे. नवी बॅटरी आणण्याआधी साध्या मल्टिमीटरने व्होल्टेजचे तीन आकडे घ्या: गाडी रात्रभर उभी असतानाचा, सेल्फ बसतानाचा (म्हणजे स्टार्टर इंजिन फिरवत असतानाचा) आणि इंजिन चालू असतानाचा. या तीन आकड्यांवरून दोष बॅटरीचा आहे की दुसऱ्या कशाचा, हे बहुतेक वेळा कळतं.

गाडी पेट्रोलवर चालते, मग बॅटरीचं एवढं काय?

कारमध्ये इंजिन एकदा चालू केलं की मुक्कामाला पोहोचेपर्यंत साधारण चालूच राहतं. कार्टचं तसं नसतं. बहुतेक पेट्रोल कार्टमध्ये पेडल दाबलं की इंजिन सुरू होतं आणि पाय उचलला की बंद पडतं. म्हणजे प्रत्येक स्टॉप साइनला, प्रत्येक वळणावर, कोणाशी दोन शब्द बोलायला थांबलात तरी, पुन्हा निघताना नव्याने सेल्फ बसतो. गोल्फच्या मैदानावर तर दर फटक्याला हेच. कारची बॅटरी आठवड्याभरात जेवढे स्टार्ट देते, तेवढे कार्टची बॅटरी एका दुपारी देऊन मोकळी होते.

आणि हे सगळं काम एकच १२ व्होल्टची बॅटरी करते. इलेक्ट्रिक कार्टमध्ये ६ किंवा ८ व्होल्टच्या बॅटऱ्यांची रांग असते, तसा साठा इथे नसतो.

रोज चालवतो, तरी उतरते. असं कसं?

रोज किती चालवता, यावर ते अवलंबून आहे. इंजिनाच्या बाजूला पट्ट्याने जोडलेलं एक गोल यंत्र असतं, स्टार्टर-जनरेटर. पेडल दाबताच तेच इंजिनाला फिरवतं, आणि इंजिन सुरू झालं की तेच उलट इंजिनाकडून फिरून बॅटरीला चार्ज देतं. एका स्टार्टमध्ये गेलेली वीज परत भरायला इंजिन थोडा वेळ सलग फिरावं लागतं. घर ते पोस्टाच्या पेट्या, तिथून शेजारी, तिथून परत, अशा दोन-दोन मिनिटांच्या फेऱ्यांत खर्च जमेपेक्षा जास्त होतो. त्यात हेडलाइट, पंखा, ब्लूटूथ स्पीकर आणि फोनचं चार्जिंग चालू असेल तर बॅटरी दिवसेंदिवस थोडी थोडी खाली जाते आणि एक दिवस गुपचूप बसते.

उपाय दोन. आठवड्यातून एकदा वीस-तीस मिनिटांची सलग, कमी थांब्यांची फेरी मारा. ते जमत नसेल तर महिन्यातून एखाद्या रात्री चार्जर लावा. छोट्या फेऱ्यांच्या घरांत दुसरा उपायच खरा उपयोगी पडतो.

पेडल दाबलं की फक्त ‘टक्’ आवाज येतो. बॅटरी गेली का?

गेलीच असं नाही. हा आवाज नीट ऐका, कारण त्यात बरीच माहिती असते.

किल्ली चालू, पेडल दाबलं आणि काहीच आवाज नाही: बॅटरी पूर्ण बसलेली असू शकते, पण फ्यूज, किल्लीचा स्विच किंवा पेडलखालचा छोटा मायक्रोस्विचही असू शकतो. हेडलाइट लावून बघा. दिवे लख्ख लागले तर बॅटरीत जीव आहे, दोष पुढे कुठेतरी आहे.

एकच ठसठशीत ‘टक्’ आणि पुढे शांतता: सोलेनॉइड, म्हणजे स्टार्टरला करंट जोडून देणारा विजेवरचा स्विच, ओढला गेला, पण स्टार्टरला पुरेसा करंट पोहोचला नाही. कमजोर बॅटरी, सैल किंवा गंजलेलं टर्मिनल, सोलेनॉइडचे आतून जळलेले कॉन्टॅक्ट किंवा स्टार्टर-जनरेटरचे झिजलेले कार्बन ब्रश, यांपैकी काहीही असू शकतं.

‘टकटकटकटक’ असा भराभर आवाज: सोलेनॉइड ओढला जातो, व्होल्टेज कोसळतं, तो सुटतो, पुन्हा ओढला जातो. इथे बहुतेकदा बॅटरीच उतरलेली असते किंवा तिचं कनेक्शन खराब असतं.

इंजिन फिरतं, पण जड, रडत रडत: बॅटरी अर्धवट उतरलेली आहे किंवा केबलमध्ये अडथळा आहे.

इंजिन मस्त फिरतं पण पेटत नाही: बॅटरीचा नाद सोडा. जुनं पेट्रोल, स्पार्क प्लग, चोक, फ्यूएल फिल्टर तपासा. अमेरिकेतल्या पंपांवर मिळणाऱ्या बहुतेक पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. असं पेट्रोल टाकीत महिनोन्महिने पडून राहिलं की कार्ब्युरेटर चिकटतो. याला नव्या बॅटरीचा काही उपयोग नाही.

मल्टिमीटरने नेमकं काय मोजायचं?

मीटर डीसी व्होल्टवर, २० च्या खाचेत ठेवा. लाल काडी पॉझिटिव्हवर, काळी निगेटिव्हवर. काडी केबलच्या लगवर, म्हणजे तिच्या टोकाच्या धातूच्या कडीवर, टेकवू नका, बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवर टेकवा. हा फरक का महत्त्वाचा ते पुढे येईल.

पहिला आकडा, गाडी रात्रभर उभी राहिल्यावर. १२.६ किंवा १२.७ म्हणजे बॅटरी भरलेली. १२.४ म्हणजे सुमारे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२.० म्हणजे पाव. ११.८ च्या खाली ती उतरलेलीच समजा. नुकतीच फेरी मारून किंवा चार्जर काढून लगेच मोजलंत तर आकडा फुगलेला दिसतो, म्हणून निदान काही तास थांबा.

दुसरा आकडा, सेल्फ बसत असताना. कोणीतरी पेडल दाबायचं, तुम्ही मीटरकडे बघायचं. आधी वाट मोकळी आहे, समोर कोणी उभं नाही, याची खात्री करा; इंजिन लागलं की गाडी पुढे सरकते. आकडा १० च्या वर राहिला तर ठीक. ९.६ च्या खाली गेला आणि बॅटरी मुळात भरलेली होती, तर तिची ताकद संपली आहे.

तिसरा आकडा, इंजिन चालू असताना. याला जागेवर इंजिन फिरवावं लागतं, आणि त्याची सोय कंपनी-कंपनीप्रमाणे वेगळी असते. तुमच्या गाडीचं मॅन्युअल बघा. त्यापेक्षा सोपी युक्ती म्हणजे डॅशबोर्डच्या १२ व्होल्टच्या सॉकेटमध्ये घालायचा छोटा डिजिटल व्होल्टमीटर. गाडी एकाने चालवायची, शेजारी बसलेल्याने आकडा वाचायचा. साधारण १३.८ ते १४.७ दिसलं तर चार्जिंग होतंय. गाडी भरधाव चालली तरी आकडा १२.४ वरून खालीच सरकत असेल तर चार्जिंग बंद आहे, आणि नवी बॅटरी टाकलीत तरी तीही अशीच उतरणार. १५ च्या वर गेला तर चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर बिघडलाय आणि बॅटरी उकळतेय. तेव्हा सडक्या अंड्यासारखा वास येतो आणि बॅटरीच्या बाजू फुगतात. अशी बॅटरी पुन्हा चार्ज करू नका, बदला. आणि आधी रेग्युलेटर बघा.

रात्रभर चार्ज केली, तरी मीटर १०.५ च्या आसपासच दाखवतो. चार्जर खराब आहे का?

नाही. १२ व्होल्टच्या शिशाच्या बॅटरीत सहा सेल असतात, प्रत्येकी सुमारे २.१ व्होल्टचा. एक सेल मेला की उरलेल्या पाचांचे मिळून १०.५ होतात. ही बॅटरी परत येत नाही. झाकणं उघडता येणारी असेल तर ॲसिडची घनता मोजणाऱ्या हायड्रोमीटरने खात्री करता येते: भरलेल्या सेलमध्ये १.२६५ च्या आसपास दिसतं, आणि एखादा सेल बाकीच्यांपेक्षा ०.०५० ने मागे असेल तर दोषी तोच.

कोणता चार्जर घ्यायचा?

१२ व्होल्टचा, शिशाच्या बॅटरीचा, आपोआप थांबणारा चार्जर. ४ ते १० अँपिअरचा पुरेसा आहे. पूर्ण उतरलेल्या बॅटरीला ५ अँपिअरवर रात्रभर लागेल, आणि ते चांगलंच आहे. सावकाश भरलेली बॅटरी तापत नाही.

इथे सर्वांत जास्त फसगत होते ती अशी: दुकानात ‘गोल्फ कार्ट चार्जर’ मागितला तर ३६ किंवा ४८ व्होल्टचा, इलेक्ट्रिक कार्टसाठीचा चार्जर हातात पडतो. तो १२ व्होल्टच्या बॅटरीला कधीही लावू नका. खोक्यावर १२ व्होल्ट लिहिलेलं डोळ्यांनी वाचा, मगच पैसे द्या.

स्मार्ट चार्जर लावला तर तो ‘बॅटरी नाही’ असं दाखवून बंद होतो.

बॅटरी फारच खाली गेली की बरेच स्मार्ट चार्जर तिला ओळखतच नाहीत. काही चार्जरवर जबरदस्तीने सुरू करण्याची सोय असते, मॅन्युअलमध्ये बघा. नसेल तर जुन्या पद्धतीचा साधा चार्जर कमी अँपिअरवर अर्धा-एक तास लावा आणि तेवढा वेळ जवळच राहा. बॅटरी ११ च्या वर आली की स्मार्ट चार्जर तिला घेईल. बॅटरी हाताला गरम लागली तर लगेच थांबवा.

कारच्या बॅटरीवरून जंप स्टार्ट करू का?

आधी तुमच्या कार्टचं मॅन्युअल वाचा. काही कंपन्या पेट्रोल कार्टला जंप स्टार्ट देऊच नका असं सांगतात. तसं लिहिलं असेल तर विषय संपला, चार्जर लावा. तशी मनाई नसेल तर:

कारचं इंजिन बंद ठेवा. कारची १२ व्होल्टची बॅटरी एवढ्याशा इंजिनाला पुरून उरते. लाल केबल आधी कार्टच्या पॉझिटिव्हला, मग कारच्या पॉझिटिव्हला. काळी केबल कारच्या निगेटिव्हला आणि तिचं शेवटचं टोक कार्टच्या इंजिनावरच्या किंवा चॅसीवरच्या उघड्या धातूला, बॅटरी आणि पेट्रोलची टाकी यांपासून जितकं लांब जाईल तितकं. शेवटची जोडणी करताना ठिणगी उडते, आणि ती बॅटरीच्या डोक्यावर उडायला नको. काढताना बरोबर उलट क्रमाने काढा. पेडल दाबण्याआधी केबल चाकांत येणार नाहीत आणि गाडी पुढे सरकून कारवर आदळणार नाही, याची व्यवस्था करा.

शेजाऱ्याच्या इलेक्ट्रिक कार्टवरून मात्र जंप घेऊ नका. तिथे सगळा संच ३६ किंवा ४८ व्होल्टचा असतो आणि चुकीच्या खुंटीला केबल लागली तर तुमचा रेग्युलेटर, दिवे, कदाचित बॅटरीही जाईल. खिशात मावणारा १२ व्होल्टचा लिथियम जंप स्टार्टर सीटखाली ठेवून द्या. या कामासाठी त्याच्याइतकी सोयीची वस्तू नाही. फक्त उन्हाळ्यात तो गाडीत तापत ठेवू नका.

बाबा भारतातून आलेत, ते म्हणतात धक्का मारून चालू करू. चालेल का?

बाबांचा अनुभव खरा आहे, पण तो गिअरच्या स्कूटर आणि गाड्यांचा आहे. तिथे दुसरा गिअर टाकून क्लच सोडला की चाकं इंजिनाला फिरवतात. कार्टमध्ये पट्ट्याचा सीव्हीटी, म्हणजे आपोआप बदलणारा गिअर, असतो. त्याचा इंजिनाकडचा क्लच इंजिन फिरायला लागल्यावरच पट्टा आवळतो. इंजिन बंद असताना चाकं आणि इंजिन यांचा संबंधच नसतो, त्यामुळे उतारावरून सोडली तरी इंजिन लागत नाही. किक स्टार्टची सोय नसलेल्या आपल्याकडच्या ऑटोमॅटिक स्कूटरचं जे होतं तेच इथे. उगाच कंबर दुखवून घेऊ नका. पट्टा हाताने ओढून इंजिन फिरवण्याचा प्रयत्न तर अजिबात नको, बोटं जातात.

अर्ध्या वाटेत बंद पडली. आता?

गाडी वाटेच्या कडेला घ्या, पार्किंग ब्रेक लावा, दिवे, पंखा, स्पीकर सगळं बंद करा. सीट उचला आणि बॅटरीच्या दोन्ही केबल हाताने हलवून बघा. लग खुंटीवर सहज फिरत असेल तर बरेचदा तिथेच सगळं अडलेलं असतं. पाना असेल तर घट्ट करा, नसेल तर पिळून नीट बसवा. पाचेक मिनिटं थांबा. विसावलेली बॅटरी एखादा स्टार्ट देऊन जाते.

इंजिन लागलं तर घरी जायचा रस्ता कमी थांब्यांचा निवडा, कारण पाय उचलला की इंजिन बंद आणि पुन्हा सेल्फची गरज. अर्थात थांबायची जागा आली की थांबायचंच. बॅटरीसाठी स्टॉप साइन सोडू नका. ओढून न्यायची वेळ आली तर लिव्हर न्यूट्रलमध्ये टाका आणि चालण्याच्या वेगाने ओढा.

रात्री अडकलात तर दिव्यांशिवाय रस्त्यावर येऊच नका. घरच्यांना फोन करा.

बॅटरी बदलल्याशिवाय सुटेल अशी सर्वांत सामान्य अडचण कोणती?

टर्मिनल. दहातल्या किती गाड्यांना हे होतं त्याची मोजदाद आमच्याकडे नाही, पण आधी इथेच बघा. खुंटीभोवती पांढरा-हिरवा भुगा दिसतो तेव्हा कोणालाही कळतं. फसवणारा गंज वेगळा असतो: वरून सगळं स्वच्छ, आणि लगच्या आतल्या बाजूला, जिथे तो खुंटीला टेकतो तिथे, काळपट पातळ थर. दिव्यांना लागणारा करंट त्यातून जातो, सेल्फला लागणारा जात नाही. म्हणून दिवे लख्ख आणि स्टार्टर गप्प.

वर सांगितलं की मीटरची काडी खुंटीवर टेकवा, ते याचसाठी. आता एक काडी खुंटीवर आणि दुसरी त्याच खुंटीच्या लगवर ठेवा आणि कोणाला तरी पेडल दाबायला सांगा. आकडा शून्याच्या जवळ हवा. ०.२ व्होल्टच्या वर गेला तर तो सांधा वीज खातोय. हीच चाचणी चॅसीला लागलेल्या निगेटिव्ह केबलच्या दुसऱ्या टोकाला आणि सोलेनॉइडच्या दोन जाड खुंट्यांच्या दरम्यानही करा. पाच मिनिटांत चोर सापडतो, आणि ही चाचणी मेकॅनिकही बरेचदा गाळतात.

साफ करायला खाण्याचा सोडा पाण्यात कालवून जुन्या टूथब्रशने लावा. फसफसायचं थांबलं की स्वच्छ पाण्याने धुवा, कोरडं पुसा, वायरब्रशने खुंटी आणि लगची आतली बाजू चकचकीत करा, घट्ट बसवा आणि वरून पेट्रोलियम जेली लावा. सोड्याचं पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाऊ देऊ नका, आतलं ॲसिड निकामी होईल.

काम करताना काय सांभाळायचं?

हे घाईत वाचू नका. बहुतेक पेट्रोल कार्टमध्ये एकाच सीटखाली बॅटरी असते आणि पेट्रोलची टाकीही. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, टाकीपाशी पेट्रोलची वाफ असते. अमेरिकेतल्या अनेक घरांत गॅसवरचा वॉटर हीटर गॅरेजमध्येच असतो आणि त्यात आतून ज्योत असते. म्हणून गाडी बाहेर काढा, सीट उघडी ठेवा, मगच चार्जर लावा. चार्जर भिंतीतून बंद असताना चिमटे लावायचे, भिंतीतून बंद केल्यावरच काढायचे.

अंगठी, कडं, घड्याळ, हातातली धातूची पट्टी काढून ठेवा. मंगळसूत्र किंवा साखळी लोंबत असेल तर आत खोचा. पाना पॉझिटिव्ह आणि चॅसी यांच्यात टेकला तर क्षणात लालबुंद होतो, आणि मध्ये बोट असेल तर ते भाजतं. याच कारणाने केबल काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी. निगेटिव्ह सुटलेली असली की पाना चॅसीला लागला तरी काही होत नाही.

चष्मा किंवा गॉगल लावाच. ॲसिड डोळ्यांत गेलं तर वाहत्या पाण्याखाली निदान पंधरा मिनिटं धरा आणि थेट इस्पितळात जा.

आणि बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून बॅटरी भरण्याचा प्रयत्न कधीही करू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

पाणी घालायचं का? कोणतं?

झाकणं निघणारी बॅटरी असेल तर हो, आणि फक्त डिस्टिल्ड वॉटर. नळाचं, फिल्टरचं, उकळून गार केलेलं, यांतलं कुठलंही नको; त्यातले क्षार प्लेटांवर बसतात. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर चार्ज करण्याआधी जेमतेम बुडतील एवढंच पाणी घाला आणि पूर्ण पातळी चार्ज झाल्यावर करा. आधीच काठोकाठ भरलंत तर चार्ज होताना ॲसिड वर येऊन सांडेल. फ्लोरिडा, टेक्सासच्या उन्हाळ्यात महिन्यातून एकदा झाकण उघडून बघा. एजीएम बॅटरी (जिच्यात ॲसिड आतल्या चटईत शोषलेलं असतं) सीलबंद असते, तिच्यात काही घालायचं नसतं.

ॲस्पिरिनच्या गोळ्या, एप्सम सॉल्ट घालून बॅटरी जिवंत होते म्हणतात.

घालू नका.

बॅटरी काँक्रीटवर ठेवली की उतरते, हे खरं का?

आताच्या प्लॅस्टिकच्या डब्यांच्या बॅटऱ्यांना हे लागू नाही. ती कुठेही ठेवली तरी स्वतःहून दर महिन्याला काही टक्के उतरतेच, उन्हाळ्यात जास्त. डब्यावर धूळ आणि ॲसिडचा ओलसर थर असेल तर त्यातूनही वीज झिरपते, म्हणून वरचा भाग पुसून ठेवा.

किल्ली बंद असताना काहीतरी बॅटरी खातंय असा संशय आहे. कसं शोधायचं?

बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा. मल्टिमीटर अँपिअरवर, १० अँपिअरच्या खाचेत लावा आणि केबल आणि खुंटी यांच्या मध्ये जोडा. या अवस्थेत पेडलला हात लावू नका, मीटर जळेल. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत आकडा जवळजवळ शून्य हवा. ईएफआय (इलेक्ट्रॉनिक फ्यूएल इंजेक्शनच्या) गाडीत थोडे मिलिअँपिअर चालतात. १०० मिलिअँपिअर सतत जात असतील तर ३५ अँपिअर-तासांची बॅटरी दोन आठवड्यांत आडवी होते. आता एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा पडला तिथे चोर आहे.

आमच्या मते आधी बघायची जागा म्हणजे नंतर बसवलेल्या वस्तू: यूएसबीचं सॉकेट, स्पीकरचा ॲम्प्लिफायर, एलईडीच्या पट्ट्या, ट्रॅकर. बसवणारे लोक वायर सोयीची म्हणून थेट बॅटरीवर जोडतात, किल्लीच्या पुढे नाही. अशी जोडणी किल्लीनंतरच्या वायरवर घ्या, त्यात वेगळा फ्यूज टाका.

चार्जिंग होत नाही असं मीटर सांगतो. पुढे काय?

आधी पट्टा. स्टार्टर-जनरेटरचा पट्टा मधोमध दाबून बघा. फारच ढिला, चकाकणारा किंवा भेगा पडलेला असेल तर तो घसरतोय. चालू होताना किंचाळल्यासारखा आवाजही येतो. ताण किती हवा ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. त्यानंतर रेग्युलेटरच्या वायरी आणि त्याचं अर्थिंग. मग जनरेटरचे कार्बन ब्रश.

आणखी एक गोष्ट माहीत असलेली बरी. बॅटरी बरेच दिवस काढून ठेवली किंवा उलटी जोडली गेली, तर काही जनरेटरमधली शिल्लक चुंबकशक्ती जाते आणि सगळे भाग चांगले असूनही चार्जिंग होत नाही. ती परत जागवण्याची एक छोटी प्रक्रिया आहे. प्रत्येक मॉडेलला ती वेगळी असते आणि चुकीच्या टर्मिनलला वायर टेकली तर रेग्युलेटर जातो. हे काम जाणकाराकडून करून घ्या, पण जनरेटर बदलायच्या आधी हे केलंय का, एवढं जरूर विचारा.

नवी बॅटरी घ्यायचीच आहे. कशी निवडायची?

जुन्या बॅटरीचा फोटो घेऊन दुकानात जा. चार गोष्टी जुळल्या पाहिजेत: १२ व्होल्ट, डब्याचा आकार म्हणजे ग्रुप नंबर, पॉझिटिव्ह खुंटी कोणत्या बाजूला आहे ते, आणि थंडीतली स्टार्ट करण्याची ताकद, जी लेबलवर सीसीए म्हणून लिहिलेली असते. पॉझिटिव्ह भलत्या बाजूला असेल तर केबल पोहोचत नाही आणि लोक ती ओढून बसवतात. काही महिन्यांत तिथेच ती तुटते. सीसीए कंपनीने सांगितलेल्यापेक्षा जास्त चालेल, कमी नको.

हिरवळ कापायच्या ट्रॅक्टरची छोटी बॅटरी स्वस्त मिळते आणि जागेत बसतेही. ती घेऊ नका. रोजच्या एवढ्या स्टार्टना ती पुरत नाही. ‘गोल्फ कार्ट बॅटरी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या ६ आणि ८ व्होल्टच्या बॅटऱ्या इलेक्ट्रिक कार्टच्या, त्याही नकोत.

एजीएम घेतलीत तर पाण्याची कटकट जाते, पण चार्जिंगचा आकडा १४.७ च्या वर जात नाही ना, हे आधी मोजून घ्या. लिथियमच्या बाबतीत आम्ही सावध आहोत: जुन्या रेग्युलेटरशी तिचं जमेलच असं नाही, आणि शून्य अंश सेल्सिअसखाली तिला चार्ज करायचं नसतं. मिशिगन, न्यू जर्सीत राहत असाल तर शिशाचीच घ्या.

घेताना तारखेचा स्टिकर बघा. बऱ्याच बॅटऱ्यांवर महिन्यासाठी अक्षर आणि वर्षासाठी आकडा असतो, ए म्हणजे जानेवारी, बी म्हणजे फेब्रुवारी. सहा महिन्यांपेक्षा जुना माल परत करा आणि ताजा मागा.

किती वर्षं टिकायला हवी?

नीट सांभाळली तर तीन ते पाच. उष्ण प्रदेशात तीन मिळाली तरी बरीच मिळाली. वर्षाच्या आत दुसरी बसली तर तिसरी आणू नका, वरचे तीन आकडे घ्या.

डिसेंबरात दीड महिना भारतात जातोय. गाडीचं काय करू?

जाण्याच्या आदल्या रात्री बॅटरी पूर्ण भरा, टर्मिनल पुसा आणि निगेटिव्ह केबल काढून बाजूला बांधून ठेवा. थंड राज्यात एवढं पुरतं. गॅरेजमध्ये प्लग असेल तर सतत जोडून ठेवायचा बॅटरी मेंटेनर आणखी चांगला, पण तो गॅसच्या वॉटर हीटरपासून लांब आणि सीट उघडी ठेवूनच लावा. केबल काढण्याआधी टाकीत पेट्रोल टिकवणारा स्टॅबिलायझर घालून पाच मिनिटं इंजिन फिरवा, म्हणजे ते कार्ब्युरेटरपर्यंत पोहोचेल.

उतरलेली बॅटरी थंडीत सोडून जाणं सर्वांत वाईट. भरलेल्या बॅटरीतलं ॲसिड कडाक्याच्या थंडीतही गोठत नाही. पूर्ण उतरलेलीतलं उणे ७ अंश सेल्सिअसच्या आसपासच गोठू शकतं, आणि डबा फुटतो. परत आल्यावर बॅटरी फुगलेली किंवा गोठलेली दिसली तर तिला चार्जर लावू नका. फुटू शकते.

इंजिन चालू असताना बॅटरी काढून बघू का, जनरेटर चालतो की नाही ते?

नको. जुन्या गाड्यांच्या काळातली ही सवय आहे. बॅटरी सुटली की व्होल्टेज एकदम उसळतं आणि रेग्युलेटर किंवा ईएफआयचा कंट्रोलर जातो. मीटर हे काम सुरक्षितपणे करतो.

दुकानात तपासून मिळते का?

हो. ऑटो पार्ट्सच्या बहुतेक मोठ्या साखळी दुकानांत कारची १२ व्होल्टची बॅटरी फुकट तपासतात, आणि कार्टचीही तपासून देतात का ते विचारा. मात्र बॅटरी भरून न्या. उतरलेली बॅटरी तपासली की यंत्र ‘बदला’ असं सांगून मोकळं होतं.

जुन्या बॅटरीचं काय करायचं?

कचऱ्यात टाकू नका, त्यात शिसं आणि ॲसिड आहे. नवी घेताना दुकान बिलात ‘कोर’ म्हणून थोडी रक्कम लावतं. जुनी आणून दिली की ती परत मिळते. नेताना बॅटरी उभीच ठेवा, प्लॅस्टिकच्या टबमध्ये, खुंट्यांवर चिकटपट्टी लावून, आणि मुलं बसतात त्या सीटवर ठेवू नका. बिल जपून ठेवा. वॉरंटीसाठी तेच लागतं, आणि त्यावर खरेदीची तारीख आणि त्या दिवशी मोजलेले तीन आकडे पेनाने लिहून ठेवलेत तर पुढच्या वेळी तुलना करायला हाताशी असतील.